कोणत्या बाजूनं चावतेस

रामदासपेठेत एसी इतका गार
की बोधीनं माझ्याच बाहीत हात खुपसले.
डॉक्टर मुंडल्यांनी एक्स-रे दिव्यावर लावला.
"किडलेल्या चार. रूट कॅनल, वर स्टीलच्या टोप्या.
भूल देऊन एकाच बैठकीत."
आकडा कागदावर लिहिला, तोंडानं बोलले नाहीत.
मी म्हटलं, दुधाच्याच आहेत ना हो?
म्हणाले, दूधही नासतं.

सक्करदऱ्यात पंखा भिंतीवर, खुर्चीचं रेक्झिन फाटलेलं.
डॉक्टर झाड्यांनी तोच एक्स-रे ट्यूबलाइटकडे धरला,
आधी उलटा, मग सुलटा.
"काहून पैसे घालवून राहिले बाप्पा?
पडणारच आहेत. दुखते ती आजच काढून देतो."
पडणार कधी?
"होईल पोरगी दहा-अकराची."
बोधी सहाची.
मधली पाच वर्षं ती जागा कोण राखणार
हे मला विचारायचं सुचलं
ते जिना उतरल्यावर.

मी वैधमापन खात्यात आहे.
इतवारीत दुकानदाराचं पाच किलोचं वजन
माझ्या पाच किलोशी ताडून पाहतो.
वीस ग्रॅम कमी निघालं की तो म्हणतो,
साहेब, वापरून घासतं.
माझी पितळी वजनं मखमलीच्या खाचांत झोपतात,
त्यांना हात लावताना मी रुमाल वापरतो.
त्या रात्री दोन्ही डॉक्टर दोन पारड्यांत बसवले.
दोघांच्या भिंतीवर पदव्या, दोघंही पोरीशी गोड बोललेले.
काटा थरथरत राहिला,
तराजू माझ्याच हातात होता.

मेहुण्याचं औषधाचं दुकान: पाच दिवस गोळ्या दे, बसते सूज.
समोरच्या लिल्हारेबाई लवंग घेऊन आल्या.
ऑफिसात गजभिये म्हणाले, माझ्या पोराची काढली,
आता दात बघा, एकावर एक.
त्याच टेबलावर ढोके म्हणाले, माझ्याचीही काढली,
काही नाही झालं.
विशाखा म्हणाली, महागडा लुटतो असं वाटते,
आणि स्वस्तातला टाळतो असंही वाटते.
कूलर अजून चादरीत गुंडाळलेला, शिमगा तोंडावर,
आणि बोधी झोपेत गालाखाली तळहात ठेवून.

मग सरकारी दंत महाविद्यालय, सकाळी आठची रांग,
चिठ्ठीवर एकशे बारा.
शिकाऊ डॉक्टर, बिल्ल्यावर नुझहत,
तिनं माझा एक्स-रे घेतला आणि बाजूला ठेवला.
स्टूल खाली करून बोधीच्या उंचीला आली.
"पोळी कोणत्या बाजूनं चावतेस?"
बोधीनं डावा गाल दाखवला.
"कधीपासून?"
"तान्ह्या पोळ्यापासून."

तान्हा पोळा.
लाकडी बैलाला मीच बेगड लावली होती,
मीच दोरी ओढली होती गल्लीभर,
बोजारा म्हणून मिळालेली चॉकलेटं मीच मोजली होती.
सहा महिने.
वीस ग्रॅम पकडणारा मी.

नुझहत मोठ्या मॅडमना विचारून आली.
उजवीकडच्या एकीची नस करायची, जागेवर सुन्न करून.
बाकी तिघींना औषध लावायचं,
त्या काळ्या पडतील, पण कीड थांबावी.
म्हणजे हा तिसरा सल्ला.
मी विचारलं, नक्की?
"नाही सर," ती म्हणाली, "नक्की नाही.
तीन महिन्यांनी बघू. थांबली नाही, तर बदलू."
तिनं कार्डावर तारीख लिहिली.
एवढ्या दिवसांत पहिल्यांदा कुणी मला
नक्की नाही म्हटलं होतं, आणि तारीख दिली होती.
मी सही केली.
बरोबर केलं की नाही, माहीत नाही.

पंधरा दिवसांनी, सगळं झाल्यावर,
बोधीनं स्कूटरच्या आरशात काळ्या दाढा पाहिल्या,
सिग्नलवर शेजारच्या ऑटोवाल्यालाही दाखवल्या.

रात्री विशाखानं पोळ्या केल्या.
दुखणं गेलं होतं, तरी ती डावीकडूनच चावत होती.
आम्ही दोघं ताटावर हात थांबवून
तिच्या उजव्या गालाकडे बघत बसलो,
घास कधी पलीकडे जातो म्हणून.
तिनं मान वर केली.
"तुमची पोळी थंडी होऊन राहिली ना."